समुपदेशनात श्रद्धेला जागा कशी द्यावी

मुंबईत समुपदेशकाकडे येणारा माणूस बहुतेक वेळा आधी दुसरीकडे कुठेतरी जाऊन आलेला असतो. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत, बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, गुरुवारी दर्ग्यात, नाहीतर पत्रिका घेऊन एखाद्या गुरुजींकडे. हे तो आपणहून सांगत नाही. मॅडम शिकलेल्या, त्या हसतील अशी धास्ती असते. समुपदेशकही विचारत नाही, कारण धर्माचा विषय काढायचा नसतो असं त्याने धरून ठेवलेलं असतं. अशाने ज्या गोष्टीवर त्या माणसाचे रोजचे बरेवाईट विचार उभे आहेत, नेमकी तीच बोलण्यातून निसटते.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी समुपदेशकाने स्वतः सश्रद्ध असायला हवं असं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिबेका प्रॉप्स्ट यांनी १९९२ साली नैराश्य असलेल्या सश्रद्ध ख्रिस्ती लोकांचा अभ्यास केला. त्यात धार्मिक आशयाची कॉग्निटिव्ह थेरपी (चुकीचे विचार तपासून बदलण्याची पद्धत) देणाऱ्यांपैकी सर्वांत चांगले परिणाम दिसले ते स्वतः अश्रद्ध असलेल्या थेरपिस्टांचे. पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले हॅरॉल्ड कोनिग यांच्या गटाने दीर्घ शारीरिक आजार आणि जोडीला नैराश्य असलेल्या १३२ जणांना प्रत्येकी दहा सेशन दिली. काहींना नेहमीची सीबीटी (हीच थेरपी, वागण्यातल्या बदलाची जोड दिलेली), बाकीच्यांना त्यांच्या धर्माच्या भाषेतली. ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि बौद्ध अशा पाच परंपरांसाठी वेगवेगळ्या पुस्तिका केल्या होत्या. २०१५ मध्ये आलेला निष्कर्ष असा की दोन्ही पद्धती साधारण सारख्याच उपयोगी ठरल्या, आणि जे मुळात जास्त श्रद्धाळू होते त्यांना धर्म जोडलेल्या पद्धतीचा थोडा अधिक फायदा झाला.

म्हणजे श्रद्धा हा वेगळा उपचार नव्हे. ज्याची आहे त्याच्यासाठी, त्याच्याच शब्दांत, नेहमीच्या थेरपीच्या चौकटीत ती आणायची असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीबद्दल आहे. ते लिहिलं आहे समुपदेशकांसाठी, पण थेरपी घेणाऱ्यांनीही वाचावं. आपल्या थेरपिस्टकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल.

पहिल्या सेशनमधली दहा मिनिटं

"तुम्ही धार्मिक आहात का?" हा प्रश्न विचारू नका. "तसं काही खास नाही" असं उत्तर येतं, आणि महिन्याभराने कळतं की बाई सोळा सोमवार करताहेत. माणूस काय मानतो यापेक्षा काय करतो ते विचारलं की खरी माहिती मिळते. झोप, भूक, औषधं, घरात कोण कोण आहे हे विचारून झाल्यावर, त्याच सुरात, आवाज न बदलता हे विचारा:

"घरात रोजचं काय असतं? दिवा, नमाज, रोझरी, वंदना, की यातलं काही नाही?"
"फार अडचण आली की पहिल्यांदा कुणाचं नाव घेता, किंवा कुणाकडे जाता?"
"हा त्रास सुरू झाल्यापासून त्यात काय बदललं? वाढलं, कमी झालं, बंद पडलं?"
"मंडळ, सत्संग, चर्चचा ग्रुप, मशीद, विहार असं कुठे जाणं-येणं आहे का? तिथल्या लोकांना तुमचा त्रास माहीत आहे का?"
"या गोष्टी आपण इथे बोलूया, की बाजूला ठेवूया?"

अमेरिकन डॉक्टर क्रिस्टीना पुखाल्स्की यांनी १९९६ मध्ये डॉक्टरांसाठी 'फायका' नावाची चार भागांची विचारपूस तयार केली. श्रद्धा, तिचं महत्त्व, समुदाय आणि उपचारात तिचं काय करायचं, असे ते चार भाग. वरचे प्रश्न त्याच वळणाचे आहेत. मधला, "काय बदललं" हा प्रश्न सर्वांत जास्त माहिती देतो. वीस वर्षं रोज पूजा करणाऱ्या माणसाने तीन महिने देव्हाऱ्याकडे पाहिलेलं नसेल, तर नैराश्य किती खोल आहे हे तेवढ्यावरून कळतं.

शेवटच्या प्रश्नाला "नको" असं उत्तर आलं तर ते तिथेच संपलं. चौथ्या-पाचव्या सेशनला एकदा सहज विचारून पाहावं, त्यानंतर नाही.

आडनावावरून अंदाज बांधू नका. विशेषतः बौद्ध कुटुंबातून आलेल्या माणसाला "देवावर विश्वास आहे ना?" असं विचारलं की पहिल्याच मिनिटाला अंतर पडतं. त्याच्यासाठी त्रिशरण-पंचशील, विहारातली वंदना, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणं यांचं मोल मोठं असेल, देवाचा त्यात संबंध नसेल. एकाच घरात नवरा नास्तिक आणि बायको स्वामीभक्त असते. आणि हे प्रश्न माणूस एकटा असतानाच विचारा. सासू शेजारच्या खुर्चीत असेल तर सून "सगळं नीट करते" एवढंच सांगणार.

खोलीबद्दल थोडं. भिंतीवर कुठल्याही देवाचा किंवा गुरूचा फोटो नसावा, निदान क्लायंटच्या नजरेसमोर तरी नसावा. तुमच्या खासगी श्रद्धेला कुणाची हरकत नाही, पण समोरच्याने आपलं बोलणं त्या फोटोकडे बघून बेतू नये.

आधार की ओझं

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी श्रद्धेच्या आधाराने संकटाला तोंड देण्याचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात माणूस देवाला सोबती मानतो, लोकांकडून बळ घेतो, दुःखात काही अर्थ शोधतो. दुसऱ्यात देवाने टाकलं, शिक्षा दिली, हे कुणाच्या करणीने झालं असं मानून तो कुढत राहतो. त्यांच्या गटाने ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, देवाने आपल्याला सोडलं असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. तेव्हा दुसऱ्या प्रकारचं बोलणं ऐकू आलं की ते रक्तदाबाच्या वाढलेल्या आकड्याइतकं गंभीरपणे घ्या.

मराठीत ते असं ऐकू येतं: "माझ्याच पूर्वजन्मीचं आहे हे." "नवस फेडला नाही ना, म्हणून." "एवढं केलं देवाचं, काय मिळालं?" "कुळाचार बंद केला तेव्हापासून घराला लागलंय."

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे लगेच धीर देणं. "अहो, देव कधी कुणाचं वाईट करतो का?" असं म्हटलं की तुम्ही प्रवचनकार झालात, आणि समोरची व्यक्ती गप्प बसते. आधी रागाला जागा द्या. देवावर रागावणं परंपरेच्या बाहेरचं नाही. वारकरी संतांनी विठ्ठलाला उघड जाब विचारलेला आहे, आणि बायबलमध्येही तक्रारीची स्तोत्रं आहेत. क्लायंटला ती परंपरा माहीत असेल तर आठवण करून द्या, नसेल तर "त्याच्यावर राग येतो का?" एवढंच विचारा आणि थांबा.

"देवावर सोपवलं" हे वाक्य दोन्हीकडचं आहे. आपल्या हातातलं सगळं करून उरलेलं सोपवलं, तर मन हलकं होतं. पण काही जण सोपवतात म्हणजे इन्सुलिन बंद करतात. फरक कळण्यासाठी एक प्रश्न पुरतो: "सोपवल्यावर तुम्ही काय करायचं थांबवलंत?"

विचारांच्या नोंदवहीत एक जादा रकाना

सीबीटीची नेहमीची नोंदवही घ्या: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना आणि तिची तीव्रता शंभरपैकी किती, दुसरा विचार, त्यानंतरची तीव्रता. यात 'दुसरा विचार'च्या आधी एक रकाना घाला: 'माझी श्रद्धा याबद्दल काय म्हणते'.

समजा, लालबागची पन्नाशीची बाई आहे, डायलिसिसवर. विचार: 'ही माझ्या पापाची शिक्षा.' या विचारावर विश्वास शंभरपैकी ८५, अपराधीपणा ९०. समुपदेशकाने ग्रंथातलं वचन काढून दाखवायचं नाही. विचारायचं: "तुमच्या बाजूच्या खाटेवर जी बाई असते, तिलाही शिक्षाच झाली म्हणाल का?" बहुधा उत्तर येतं, "नाही, ती फार चांगली आहे." मग: "तिच्या आजाराबद्दल देव काय म्हणत असेल?" आणि त्यानंतर: "तुम्ही ज्यांचं कीर्तन ऐकता त्यांना हे विचारलं तर ते काय सांगतील?" बाई स्वतः जे वाक्य उच्चारेल तेच नव्या रकान्यात, तिच्याच शब्दांत लिहा. 'शरीर आहे तिथे भोग आहे, विठोबा उशाशी आहे' असं काही. त्यानंतर तीव्रता पुन्हा विचारा. ९० वरून ६५ वर आली तरी काम झालं. शून्याची अपेक्षा धरू नका.

वाद शास्त्रार्थावर गेला की समुपदेशक हरतो, मग तो बरोबर असला तरी. क्लायंट एक श्लोक म्हणतो, तुम्ही दुसरा म्हणता, आणि पन्नास मिनिटं संपतात. कर्मसिद्धान्त खरा की खोटा हा तुमचा प्रश्न नाही. त्या सिद्धान्ताचा ती व्यक्ती स्वतःला दोष देण्यासाठी वापर करते आहे का, आणि तिच्याच परंपरेत त्याचा दुसरा वापर आहे का, हा तुमचा प्रश्न आहे. गृहपाठ म्हणून तिला आठवड्यात अशा तीन नोंदी करायला सांगा. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवायला सांगा.

जप आणि श्वास

माळ, रोझरी, तस्बीह यांचा शरीरावर होणारा परिणाम मोजलेला आहे. इटलीत लुचियानो बर्नार्दी यांच्या गटाने २३ निरोगी लोकांना रोझरीची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते, आणि रक्तदाब व हृदयगती यांचा मेळ राखणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालते.

करायचं असं. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद श्वास बाहेर, बाहेर सोडताना एकदा नाम, एक मणी पुढे. एका मण्याला दहा सेकंद म्हणजे १०८ मण्यांची माळ अठरा मिनिटांत होते. सुरुवातीला अर्धी माळ, नऊ मिनिटं, तीही ठरल्या वेळी. घरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असतील तर विरार लोकलमध्ये खिडकीशी बसून केली तरी चालते. भरभर नाम घेण्याची सवय असलेल्यांना हा वेग आधी अवघड जातो. त्यांची जुनी पद्धत मोडू नका, "रोजचा जप तुमच्या पद्धतीने, हा वेगळा" असं सांगा. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास जास्त ओढला जातो आहे, आत घेणं हलकं करा. ज्यांच्यावर अत्याचार झालेला आहे त्यांच्यापैकी काहींना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरायला होतं. त्यांना डोळे उघडे ठेवून, चालता चालता जप करू द्या.

पुन्हा माणसांत

नैराश्यात देवळात जाणं सुटतं ते बरेचदा श्रद्धा गेली म्हणून नाही, माणसं नकोशी झाली म्हणून. परतीची पायरी लहान ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त संध्याकाळी दिवा, सातपैकी चार दिवस. दुसऱ्यात गल्लीतल्या मारुतीपर्यंत जाऊन पाच मिनिटं उभं राहणं. तिसऱ्यात भजनात अर्धा तास, मागे बसून. लोकलच्या डब्यात भजन करणारी मंडळं असतात. नोकरदार माणसाला तो सर्वांत सोपा रस्ता, कारण त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. पॅनिकचा त्रास असणाऱ्याला मात्र अंगारकीच्या गर्दीत पाठवू नका.

उपास, रोजा, जागर आणि गोळ्या

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे आणि जिवावर बेतू शकतो. सणांचं कॅलेंडर समोर ठेवून पुढच्या तीन महिन्यांतले उपास आधीच विचारून घ्या.

लिथियम (बायपोलर आजारावरचं औषध) घेणाऱ्या माणसासाठी निर्जळ उपास धोक्याचा आहे. रक्तात त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवली जाते, आणि सुरक्षित आणि विषारी पातळीतलं अंतर फार थोडं असतं. पाणी किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. उन्हाळ्यातला रोजा, निर्जळी एकादशी, पर्युषणातली अठ्ठाई (जैनांचा आठ दिवसांचा उपास) या सगळ्यांत हे होऊ शकतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याला उपासात घाम, धडधड, कापरं भरलं तर तो पॅनिकचा झटका समजून श्वासाचे व्यायाम देत बसू नका. आधी साखर मोजायची. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर लगेच साखरपाणी.

चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नेम) पाळणाऱ्या जैन माणसाला रात्रीची गोळी नऊ वाजता घेता येत नाही. तो ती सूर्यास्ताआधी घेतो आणि झोपेची गोळी असेल तर सात वाजता दादर स्टेशनवर पेंगत उभा असतो, किंवा गपचूप सोडून देतो. विचारल्याशिवाय हे कळत नाही. औषध किंवा वेळ बदलण्याचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा, पण अडचण त्यांच्यापर्यंत पोचवणं तुमचं काम.

बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) असलेल्याला गणपतीतलं किंवा नवरात्रातलं जागरण सोसत नाही. एक-दोन रात्रींची झोप गेली तरी उन्मादाचा झटका येऊ शकतो. "जाऊ नका" म्हटलं तर ऐकलं जाणार नाही. "संध्याकाळची आरती करा, अकराला अंथरुणावर" हे पाळलं जातं. घरातल्या एकाला हे आधीच सांगून ठेवायचं.

आजारी माणसाला उपासातून सूट आहे का, हे तुम्ही जाहीर करू नका. इस्लाममध्ये रुग्णाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे हे तुम्हाला माहीत असलं तरी ते मौलानांच्या तोंडून आलं तरच त्याला वजन येतं.

शुचितेचा ध्यास आजार होतो तेव्हा

सोवळं-ओवळं, वजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं), जपाची संख्या, चर्चमधला कबुलीजबाब यांतलं काहीही ओसीडीचं, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं रूप घेऊ शकतं. भक्तीपासून ते वेगळं ओळखण्याची खूण म्हणजे त्याच धर्मातल्या नेमाने वागणाऱ्या माणसालाही ते अति वाटतं, आणि करून झाल्यावर शांत वाटण्याऐवजी शंका उरते.

उपचार ओसीडीचा नेहमीचाच, भीतीला सामोरं जायचं आणि विधी पुन्हा करायचा नाही. फक्त एक काळजी घ्या. कुणालाही त्याच्या धर्मात पाप मानलेलं काही करायला लावू नका. ध्येय एवढंच की त्याने सामान्य श्रद्धाळू माणसाइतकंच करावं. एकाच अधिकारी व्यक्तीला नियम एकदा विचारून कार्डावर लिहा. वजूत प्रत्येक अवयव तीनदा धुणं पुरे, आणि शंकेने खात्री मोडत नाही हा इस्लामी न्यायशास्त्रातला मान्य नियम आहे. जपाची मोजणी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून नाही, पुढे चालायचं. त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारणं बंद. घरच्यांनीही "हो, झालं शुद्ध" असं सांगत राहू नये, कारण ती ग्वाही हाच आजाराचा खुराक असतो.

इथे थांबून दुसऱ्याकडे पाठवा

नवरात्रात देवीसमोर अंगात येणं आणि चार दिवस झोप नसताना ऑफिसात देवीचा हुकूम ऐकू येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ठरल्या प्रसंगी, समुदायाला मान्य असलेलं, संपल्यावर माणूस कामाला लागतो असं असेल तर तो आजार धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-११' या आजारांच्या वर्गीकरणातही हा भेद केलेला आहे. नकोसं, अवेळी, काबूबाहेरचं असेल किंवा आवाज इजा करायला सांगत असतील तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. केईएम, सायन, नायर, जे. जे. इथे मानसोपचार विभाग आहेत.

नवरा मारतो आणि बाई "सहन करणं हा माझा धर्म" म्हणते, तिथे क्षमेचा विषय काढू नका. आधी सुरक्षितता, महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक, जायला एक घर. एखाद्या बुवाबाबाने शोषण केलेलं असेल तर तेच.

उपायाच्या नावाखाली मारहाण, चटके किंवा भुताची भीती घालून पैसे उकळणं चालू असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होऊ शकतो. साखळीने बांधून ठेवण्याला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९५ ने मनाई आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू न शकल्याने मेले, हे विसरण्यासारखं नाही. पण दर्गा किंवा मंदिर सोडायला लावणं हा एकच मार्ग नसतो. गुजरातमधल्या उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमातून मुजावरच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवत आले आहेत.

आत्महत्येचा विचार थेट विचारा. "आमच्यात ते पाप आहे" हे उत्तर ऐकून निश्चिंत होऊ नका. काहींना ते खरंच अडवतं, काहींच्या मनात त्याने अपराधीपणाची आणखी भर पडते.

गुरुजी, मौलाना, फादर, भंतेजी

क्लायंटची लेखी परवानगी असल्याशिवाय त्यांच्याशी बोलायचं नाही; मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार माहिती गोपनीय आहे. परवानगीत कुणाशी, कशाबद्दल, किती वेळा हे लिहा. बोलताना निदान सांगू नका, एकच नेमकी विनंती करा: "यांना औषध चालू ठेवून उपास कसा करता येईल ते तुम्ही सांगाल का?" क्लायंटने सेशनमध्ये प्रार्थना करायची इच्छा दाखवली तर मिनिटभर शांत बसा. प्रार्थना त्याने म्हणायची, तुम्ही नाही.

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या, मराठीत उपलब्ध आहे. २७ पैकी १० च्या वर असलेला आकडा सहा सेशननंतर पाचाने तरी उतरला नसेल तर पद्धत बदला किंवा औषधासाठी पाठवा. श्रद्धा जोडली आहे म्हणून आणखी वाट पाहू नका.

कधी मध्यावर क्लायंट म्हणतो, "मला आता हे काहीच खरं वाटत नाही." त्याला परत वळवणं तुमचं काम नाही. जे गेलं त्याचं दुःख होतं आहे का, घरी कुणाला सांगता येईल, सणाच्या दिवशी काय करायचं ठरवलं आहे, हे विचारा. जादा रकाना नोंदवहीतून काढा आणि बाकीची थेरपी तशीच पुढे न्या.

शेवटची दोन सेशन पंधरा दिवसांच्या आणि मग महिन्याच्या अंतराने ठेवा. हातात एक कागद द्या: त्रास परत येतो आहे हे सांगणाऱ्या तीन खुणा, रोजचा ठरलेला नेम आणि त्याची वेळ, उपासाच्या दिवसांतलं औषधाचं वेळापत्रक, विश्वासातल्या दोन माणसांचे नंबर, आणि रात्री-अपरात्री फोन करता येईल असा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.